जिवंत माळावर खड्डे नकोत: शाळांना आणि सामाजिक वनीकरण विभागाला खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, राष्ट्रीय हरित सेनेचे प्रभारी शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि सामाजिक वनीकरण विभागाचे अधिकारी
(पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील पर्जन्यछायेचे तालुके)

सप्रेम नमस्कार.

झाडांविषयीची पत्रे तुम्हाला जूनमध्ये येतात. आम्ही मुद्दाम सप्टेंबर सरताना लिहितो आहोत, कारण माळाचे काम आता सुरू होते. गवत फुलोऱ्यावर आहे, पंधरा दिवसांत पवन्या गवताचे बी पिकू लागेल आणि डिसेंबरपर्यंत ते वाऱ्यावर गेलेले असेल. मुलांच्या हातून माळ आणि देशी झाडे परत उभी करायची असतील, तर वर्षाची सुरुवात ऑक्टोबरात धरावी लागते. आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. जिवंत गवताळ माळावर विद्यार्थ्यांकडून खड्डे घेणे बंद करा. आणि विद्यार्थ्यांच्या कामाचा हिशेब जुलैतल्या एका दिवसाच्या रोपसंख्येवर न करता तीन वर्षांनी काय जगले यावर करा.

२०१६ मध्ये राज्याने एका दिवसात दोन कोटी रोपांची मोहीम घेतली. पुढच्या तीन वर्षांत चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी उद्दिष्टे ठेवली गेली. एवढी रोपे लावायला जागा लागते, आणि कागदावर सगळ्यात मोकळी दिसणारी जागा म्हणजे माळ. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खुरटे रान आणि चराऊ जमीन यांची गणती पडीकातच होते. पण जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि थोड्याशा मातीखाली मुरूम लागतो, तिथे दाट जंगल कधी नव्हतेच. तिथे होते ते गवत, आणि गवतात लांब लांब उभे हिवर, खैर, बोर, पळस. लोकगीते, ओव्या आणि स्थळमाहात्म्ये यांतल्या झाडाझुडपांच्या उल्लेखांचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सर्वांत जुने उल्लेख तेराव्या शतकातले आहेत आणि त्यांतूनही पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याचे हेच चित्र उभे राहते. नान्नजचे माळढोक अभयारण्य, रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य, सुप्याचे चिंकारांचे मयूरेश्वर अभयारण्य ही सगळी माळांवरची आहेत. माळ हे जंगल तुटून उरलेले भकास रान आहे, ही समजूत शाळेच्या फळ्यावरून आधी पुसली पाहिजे.

आता जिवंत माळ ओळखायचा कसा, ते सांगतो. आठवीच्या मुलांना हे सहज जमते. एक मीटर लांबीच्या चार काठ्या किंवा पाइपांचे तुकडे जोडून चौकट करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे गवत फुलोऱ्यात असताना, प्रत्येक एकरात दहा ठिकाणी ती ठेवा. जागा मनाने निवडू नका. डोळे हिरव्या जागेकडे ओढले जातात आणि आकडा फुगतो. दोरीला दर वीस पावलांवर गाठ मारा आणि गाठ येईल तिथे चौकट टेका. चौकटीत किती भाग झाकलेला आहे, वेगवेगळ्या किती वनस्पती आहेत आणि त्यांत बहुवर्षायू गवताचे किती ठोंब आहेत, हे लिहून घ्या. ठोंब ओळखायला ओढून बघा. हंगामी गवत मुळासकट हातात येते, बहुवर्षायू ठोंब जमीन सोडत नाही. निम्म्याहून अधिक जमीन झाकलेली असेल, बहुतेक चौकटींत दोन-तीन ठोंब असतील आणि दहाही चौकटी मिळून वीस-पंचवीस प्रकारच्या वनस्पती निघत असतील, तर त्या जागेला मुलांची गरज राखणीपुरती आहे. तिथे कुदळ नेऊ नका.

इतका आग्रह का, हे सांगायला हवे. दीड फुटाचा एक खड्डा घेतला की वरची चार बोटे सुपीक माती मुरुमाखाली गाडली जाते. त्या मातीतच मुसळी, दीपकाडी, खरचुडी यांचे कंद असतात. ते उघडे पडले की वाळतात किंवा रानडुकरे खातात. बाहेर पडलेल्या मुरुमाच्या ढिगावर पहिल्याच पावसात गाजर गवत उगवते, कारण उकरलेली, उघडी जमीन त्याला हवीच असते. सलग समतल चर (पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले लांब चर) तर अख्ख्या उतारावर हेच करतात. उघड्या, धुपलेल्या उतारावर चर उपयोगी पडतो. गवताने बांधलेल्या उतारावर तो बांधलेली माती सोडवतो. याखेरीज एक गोष्ट शाळांच्या ध्यानात येत नाही. टिटवी, चंडोल, धाविक, तितर हे पक्षी घरटे जमिनीवर करतात आणि त्यांची अंडी-पिल्ले बव्हंशी मार्च ते ऑगस्टमध्ये असतात. जुलैत तीनशे मुले माळावरून रांगेने गेली की काय तुडवले गेले, हे कुणालाच दिसत नाही. अंडी मातीच्याच रंगाची असतात.

मग मुलांनी करायचे काय? भरपूर आहे.

पहिले काम गवताचे बी गोळा करणे. तीन गवतांवर भर द्या: पवन्या, मारवेल आणि डोंगरी. तिन्ही बहुवर्षायू आहेत, गुरे-शेळ्या आवडीने खातात आणि माती धरून ठेवतात. कुसळी गवताचे बी गोळा करायची गरज नाही. ती बिघडलेल्या माळावर आपणहून येते, आणि तिची कुसळे मोज्यांतून पायात शिरतात, म्हणून मुलांना लांब पँट आणि बंद बूट सक्तीचे करा. बी पिकले की नाही ते बघायला तुरा चिमटीत धरून हलके वर ओढा. दाणे हातात सुटले तर पिकले, जोर लावावा लागला तर आठ दिवस थांबा. सकाळचे दव वाळल्यावर, दहानंतर काढा. एका जागेवरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बी घेऊ नका, आणि एकाच ठोंबावरून सगळे ओरबाडू नका. कापडी किंवा कागदी पिशवी वापरा. प्लास्टिकमध्ये एका रात्रीत घाम धरतो आणि बुरशी येते. सावलीत आठवडाभर पसरून वाळवा, पिशवीवर गवताचे नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा. अभयारण्यातून किंवा राखीव वनातून बी घ्यायचे असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचे लेखी पत्र आधी घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचे.

हे बी लगेच पेरले तर नीट उगवत नाही. ताज्या बियांत सुप्तावस्था असते आणि ती साठवणीतच हळूहळू मोडते. सहा-आठ महिने ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरले की उगवण बरी होते. दोन वर्षांहून जुने बी मात्र पुन्हा कमी कमी उगवते. दुसरी अडचण पोकळ दाण्यांची. गवताच्या तुऱ्यात आत दाणाच नसलेले तूस पुष्कळ असते. तळहातावर चोळून आत टणक दाणा लागतो का ते बघायला मुलांना शिकवा. मे महिन्यात शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि तीन आठवडे उगवण मोजा. वीसच निघाल्या तर पेरायला बी जास्त लागेल, साठ निघाल्या तर कमी. निवडलेले शुद्ध बी हेक्टरी पाच किलो, म्हणजे गुंठ्याला पन्नास ग्रॅम पुरते. शाळेने गोळा केलेल्या तुसासकट बियांना गुंठ्याला दीडशे-दोनशे ग्रॅम धरा.

पेरताना दोन चुका नेहमी होतात. गवताचे बी हलके आणि केसाळ असते. तसेच फेकले तर वारा नेतो आणि उरलेले मुंग्या नेतात. म्हणून बी एक भाग, कुजलेले शेणखत एक भाग, चिकणमाती तीन भाग आणि वाळू एक भाग असे कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. दुसरी चूक खोलीची. गवताचे बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की कोंब वर येतच नाही. काट्याची फांदी ओढून जमीन जेमतेम खरवडा, गोळ्या टाका आणि पुन्हा एकदा तीच फांदी फिरवा. एवढे पुरते. आणि सगळे बी एकाच दिवशी संपवू नका. आपल्या तालुक्यांत पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांची उघडीप हे ठरलेले आहे, आणि उगवलेले कोवळे गवत त्या उन्हात जळून जाते. निम्मे बी पहिल्या पावसाआधी, निम्मे दुसऱ्या चांगल्या पावसानंतर.

ज्या शाळांना बियांचा व्याप जमणार नाही त्यांनी मारवेलचे ठोंब लावावेत. मारवेल पेरापेराला मुळे धरतो, त्यामुळे ही पद्धत सहसा फसत नाही. जुलैत शेताच्या बांधावरचा जुना ठोंब मालकाला विचारून उपटा. माळावरचा घेऊ नका. त्याच्या दोन-तीन फुटव्यांच्या जुड्या करा, पाने वीतभर ठेवून छाटा आणि साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरवर लावा. एका गुंठ्याला सुमारे ३७० जुड्या बसतात, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी नऊ-दहा. हे एका सकाळचे काम आहे. उपटलेल्या जुड्या ओल्या गोणपाटात ठेवा. उन्हात अर्धा तास उघड्या राहिल्या तरी जगण्याचे प्रमाण घसरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे चाऱ्यासाठी सुधारित वाण काढले आहेत. शेतात ते जरूर लावा. माळ परत उभा करताना मात्र त्याच तालुक्यातले रानटी ठोंब आणि बी वापरा.

आता झाडे. झाडांना आमचा विरोध नाही. त्यांची जागा ओढ्याकाठ, बांध, पाझर तलावाचा काठ, रस्त्याची कड, शाळेचे आवार आणि खरोखर उघडा पडलेला उतार ही आहे. तिथे काय लावायचे याचे उत्तर त्याच गावात उभे असते. दोन-तीन किलोमीटरच्या परिघात जी जुनी झाडे पाणी न घालता जगली आहेत, तीच यादी.

बी गोळा करण्याचा महिना झाडागणिक बदलतो आणि इथेच शाळांची गाडी अडते, कारण पुष्कळ झाडांचे बी ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत पिकते. बोरे डिसेंबर-जानेवारीत मिळतात, खैराच्या आणि तरवडाच्या शेंगा हिवाळ्यात. बाभूळ आणि हिवर एप्रिल-मेमध्ये. पळसाच्या पापड्या मेमध्ये, करवंदही तेव्हाच. कडुनिंबाच्या लिंबोळ्या जून-जुलैत. लिंबोळी आणि करवंद यांचे बी टिकत नाही. गर धुऊन चार-आठ दिवसांत ते रोपाच्या पिशवीतल्या मातीत गेलेच पाहिजे. लिंबोळ्या डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवणारे बरेच जण आहेत, आणि त्यांच्या हाती दरवर्षी काहीच लागत नाही. बाभूळ, हिवर, तरवड यांचे कवच कडक असते. पाणी उकळा, भांडे चुलीवरून उतरवा, मग बी टाका आणि रात्रभर तसेच राहू द्या. चुलीवर उकळलेले बी मरते. सकाळी फुगलेले बी पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा तेच करा. यापेक्षा सोपा मार्ग धनगरांच्या वाड्यात आहे. शेळ्या-मेंढ्यांनी शेंगा खाऊन टाकलेले बाभळीचे बी लेंड्यांत मिळते आणि ते उत्तम उगवते. धावड्यात तर बहुतेक बी पोकळ असते. त्याची शंभर फळे पेरून दोन-चार रोपे निघाली तर मुलांना नाउमेद होऊ देऊ नका, ते झाड तसेच आहे.

रोपांच्या पिशव्या पाच बाय आठ इंची, खालच्या अर्ध्या भागात आठ-दहा भोके. पोयटा, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग. शेणखत कच्चे असेल तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. साठवता येणारे बी फेब्रुवारीत पेरले की जुलैत फूटभराचे रोप तयार होते, आणि कोरड्या माळाकडेला तेवढेच हवे. मोठे रोप फोटोत छान दिसते, पण लहान पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी गोल गुंडाळलेले असते. ते तसेच जमिनीत गेले तर झाड दोन पावसाळे बरे दिसते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाळते, कारण मूळ खोल गेलेलेच नसते. लावताना पिशवीचा तळ दोन सेंटिमीटर कापा, कडेने दोन उभे छेद द्या आणि पिशवी पूर्ण काढा. किती पिशव्या नेल्या आणि किती परत आणल्या हे एका मुलाने मोजावे. या एका मोजणीने पिशवीसकट गाडलेली रोपे उघडकीला येतात.

लावण्याची तारीख परिपत्रकाने ठरू नये. ५ जूनला, पर्यावरण दिनी, आपल्याकडे मोसमी पाऊस सहसा आलेला नसतो. एखादा वळीव झालेला असतो, तेवढाच. शाळेत एक साधे पर्जन्यमापक ठेवा. ऐंशी ते शंभर मिलिमीटर पाऊस जमा झाला आणि खुरप्याने उकरून फूटभर खाली ओल लागली की लावा. पुष्कळ वर्षी ही वेळ जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्ये घ्या म्हणजे ऊन लागते, आणि वरची माती वेगळी ठेवून तीच मुळांभोवती परत भरा. खोडाचा जो भाग पिशवीत मातीच्या वर होता तो जमिनीच्याही वरच राहिला पाहिजे. भोवती हातभर व्यासात गवत काढा, त्यापुढचे राहू द्या. आळ्यात चपटे दगड मांडा. दगडाखाली ओल टिकते, वाळवी वाळलेल्या पालापाचोळ्याच्या मानाने कमी येते आणि वणव्यात ते जळत नाहीत. कुंपणाला बोरीच्या किंवा हिवराच्या काटेरी फांद्या. तारेला पैसे लागतात आणि ती चोरीला जाते.

पाण्याचा हिशेब आधी करा, रोपांची संख्या नंतर ठरवा. एका रोपाला नोव्हेंबर ते मे, महिन्यातून दोनदा, दहा लिटर धरले तर वर्षाला १४० लिटर लागतात. तीनशे रोपांना ४२,००० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे आठ-नऊ टँकर. मुलाच्या दप्तरात एक लिटरची बाटली मावते. चाळीस रोपांना ५,६०० लिटर लागतात, आणि ते वर्गावार पाळ्या लावून, शाळेतल्या हात धुण्याच्या पाण्यातून, साधते. चाळीसच लावा आणि पस्तीस जगवा. याहून स्वस्त उपाय म्हणजे बी थेट पेरणे. हेकळ, तरवड किंवा करवंदाच्या जाळीच्या बुडाशी बोर, पळस, हिवर यांच्या चार-चार बिया सारून ठेवा. जाळी शेळ्यांपासून राखते आणि सावली धरते. सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जाते, त्यामुळे अशा झाडाला पाणी घालावे लागत नाही. उंची गाठायला त्याला वेळ लागतो आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात दाखवण्यासारखे काही नसते. तरीही आमची पहिली शिफारस हीच.

सीडबॉलचे, म्हणजे बिया भरलेल्या मातीच्या गोळ्यांचे, उपक्रम शाळांना फार प्रिय आहेत. वर सांगितलेल्या गवताच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या खरवडलेल्या जमिनीत टाकायच्या असतात, त्यांची गोष्ट वेगळी. डोंगरावर दगडासारखे वाळलेले गोळे फेकणे थांबवा, त्यात आंबा, चिंच, जांभूळ भरून माळावर टाकणे तर नक्कीच. तीच मुले आणि तोच वेळ घाणेरी (टणटणी) हे माजलेले परके झुडूप काढायला द्या.

घाणेरी उपटू नये, कापावी. जमिनीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, जिथे खोड आणि मूळ जुळते तिथे, सोटमूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून मुळे वर ठेवून वाळवायचे. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू यांच्या गटाने ही पद्धत रूढ केली. जमीन उकरली जात नाही आणि पुन्हा फूट येत नाही, हे तिचे दोन फायदे. जमिनीच्या वर छाटली तर महिनाभरात दुप्पट फुटते. फळे धरायच्या आत काढा, आणि पुढची दोन-तीन वर्षे मोठ्या झाडांखाली परत फिरा, कारण पक्षी तिथे बसून बी टाकतात. मोकळी झालेली जागा त्याच पावसाळ्यात मारवेलने भरा, नाहीतर गाजर गवत येईल. गाजर गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्या मुलांना या कामातून वगळा, पालकांचे पत्र नसले तरी. पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून आणलेला तो भुंगेरा गाजर गवतच खातो. सुबाभळीची रोपे वीतभर असताना मुले काढू शकतात. मोठी सुबाभूळ, गिरिपुष्प आणि वेडी बाभूळ तोडल्यावर पुन्हा फुटतात आणि त्यांना परवानगी लागते. ते काम मोठ्यांचे आणि विभागाचे. कोयता-कुऱ्हाड चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नये.

माळ राखायचा म्हणजे गुरांना कायमचा बंद करायचा नाही. नव्याने पेरलेला तुकडा दोन पावसाळे बंद ठेवा. त्यानंतर बी गळल्यावर, डिसेंबरात, गवत वीतभर ठेवून कापा आणि गावाला चारा द्या. अजिबात न कापलेल्या माळावर वाळलेल्या गवताचा थर साचतो, खालचे फुटवे गुदमरतात आणि वणवा लागला तर तो भडकतो. कुठला तुकडा कधी बंद आणि कधी खुला, हे ग्रामसभेत, मेंढपाळांच्या समोर ठरवा. त्यांना वगळून घातलेले कुंपण टिकत नाही, आणि टिकूही नये, माळ त्यांचाही आहे.

सामाजिक वनीकरण विभागाकडे आमच्या थेट मागण्या आहेत. तालुक्यातल्या रोपवाटिकेत पुढच्या वर्षी कोणती देशी रोपे किती असतील, हे डिसेंबरात शाळांना कळवा. जूनमध्ये गुलमोहर, गिरिपुष्प आणि रेनट्री एवढेच शिल्लक असेल तर शिक्षक तेच नेणार. शाळेच्या अहवालाच्या नमुन्यात ‘लावलेली रोपे’ या रकान्याशेजारी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मे महिन्यात जिवंत असलेली रोपे असे तीन रकाने घाला. पेरलेले गवत गुंठ्यात आणि काढलेली घाणेरी चौरस मीटरमध्ये नोंदवायची सोय करा. पैसा पहिल्या वर्षाच्या खड्ड्यांवर संपवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पाण्या-राखणीला निम्मा ठेवा. आणि ज्या माळांवर चौकटीची मोजणी जिवंत गवत दाखवते, ते लागवडीच्या आराखड्यातून काढून टाका. मोजणी मुले करतील, पडताळणी वनपालांनी करावी.

मुख्याध्यापकांनी या पंधरवड्यात तीन गोष्टी कराव्यात: चौकटी तयार करून एका माळाची मोजणी, वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत बी गोळा करण्यासाठी अर्ज, आणि वीस कापडी पिशव्या. पवन्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबेलच असे नाही. डोंगरी त्याच्या आगेमागे पिकते, मारवेल थोडा लांबतो, तेव्हा सुट्टीआधी एक फेरी आणि सुट्टीनंतर एक फेरी ठेवा.

आपले,
माळरान आणि देशी झाडांच्या पुनरुज्जीवनाचे काम करणारे कार्यकर्ते